उंदीर फक्त धान्यच खात नाही



उंदरावर बोलायची वेळ आली की आमच्या खात्यातला माणूस प्रथम नुकसानीचा हिशेब मांडतो. एक उंदीर रोज किती खातो, खातो त्याच्या किती पट नासतो, मादी अवघ्या तीन आठवड्यांत कशी विते, सहा-आठ पिले एका वेळी कशी घालते आणि ती पिले दोन-तीन महिन्यांत पुन्हा वीण कशी सुरू करतात, हे मीही गावोगावच्या सभांतून वर्षानुवर्षे सांगत आलो. हा हिशेब खोटा नाही. पण तो अर्धाच आहे. उरलेला अर्धा सांगायचा मला फार उशिरा सुचला, आणि तो उशीर एका घराला भोवला. ते पुढे सांगतो. आधी हा प्राणी कोण, कुठला, ते पाहू.

आपण सरसकट 'उंदीर' म्हणतो, पण घरच्या माळ्यावर खुडबुडणारा, शहराच्या गटारात हिंडणारा आणि भाताच्या बांधात बीळ करणारा हे तीन वेगळे प्राणी आहेत. माळ्यावरचा तो काळा घरउंदीर. अंगाने सडपातळ, कान मोठे व पातळ, आणि शेपूट डोके-धड मिळून होणाऱ्या लांबीपेक्षाही लांब. आढ्यावर, दोरीवर, कौलांवर तो सहज चढतो. हा मूळचा आपल्याच देशातला. इथून धान्याच्या जहाजांतून तो जगभर गेला. युरोपात तर रोमन लोकांच्या काळातच पोचला. म्हणजे जगाला तापदायक ठरलेला एक पाहुणा आपणच पाठवला, असे म्हणायला हरकत नाही.

गटारातला तपकिरी उंदीर मात्र आपल्याकडचा नव्हे. त्याचे मूळ घर उत्तर चीन आणि मंगोलियाच्या बाजूला. अंगाने तो दुप्पट दांडगा, कान आखूड व जाड, शेपूट अंगापेक्षा लहान. वर चढण्यापेक्षा बीळ खणणे आणि पोहणे याची त्याला आवड. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तो युरोपात पसरला. इंग्रजांना वाटले, नॉर्वेच्या जहाजांतून आला असेल, म्हणून त्यांनी त्याच्या शास्त्रीय नावात नॉर्वे घातले. ती समजूत चुकीची होती, पण नाव चिकटले ते चिकटलेच. बंदरात लागणाऱ्या बोटींतून तो आपल्या किनाऱ्यावर उतरला. अजूनही त्याचा मुक्काम मुख्यतः बंदरे, मोठी शहरे, गोदामे आणि गटारे यांतच आहे.

तिसरा आपल्या शेतातला. काळपट, आखूड शेपटीचा, बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढिगारा लोटून आतून दार बंद करणारा. काही ठिकाणी त्याला लहान घूस म्हणतात. बिळात भाताच्या लोंब्या साठवून ठेवण्याची खोड त्याचीच. विसाव्या शतकात हा रानातला गडी मुंबईच्या गोदामांत शिरला आणि तिथल्या तपकिरी उंदराला त्याने बऱ्याच ठिकाणी हुसकावले. माणूस जिथे धान्य साठवतो आणि घाण टाकतो तिथे उंदराचे देशांतर होतच राहते. आणि उंदीर कधी एकटा फिरत नाही. त्याच्या केसांत पिसवा असतात आणि त्याच्या मूत्रपिंडात जंतू असतात.

आधी पिसवांचे सांगतो, कारण त्यांनी आपला महाराष्ट्र एकदा उजाड करून सोडला होता.

१८९४ साली हाँगकाँगला प्लेगची साथ होती. तिथेच येर्सिन या शास्त्रज्ञाने प्लेगचा जंतू शोधला. दोनच वर्षांनी, १८९६ च्या सप्टेंबरात, मुंबईच्या गोदीलगतच्या मांडवी भागात काखेत-जांघेत गाठ आणि सडकून ताप असे रोगी दिसू लागले. हा प्लेग आहे हे प्रथम ओळखले डॉक्टर अकासियो व्हिएगस या गोमंतकीय वैद्याने. मांडवी हे धान्याच्या वखारींचे ठिकाण. म्हणजे उंदरांचे माहेरच. लोक घाबरून शहर सोडू लागले, आणि त्यांच्या बोचक्यांबरोबर साथ पुण्याला आणि तिथून पुढे गेली. रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. पुण्यातल्या घरझडत्यांच्या जुलमातून २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली, हे आपण शाळेत शिकलो आहोत. पुढच्या काही दशकांत देशभरात १ कोटीहून अधिक माणसे प्लेगने गेली. तुमच्या गावातल्या जुन्या माणसांनी त्यांच्या आजी-आजोबांकडून ऐकले असेल, की उंदीर पडायला लागले की गाव बाहेर निघे आणि रानात झोपड्या घालून राही.

त्या अडाणी समजल्या जाणाऱ्या माणसांना जे कळले होते, ते सरकारला कळत नव्हते. सरकार घरे धूत होते, कपडे जाळत होते, माणसे उचलून छावण्यांत नेत होते. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिले की हा रोग उंदराच्या पिसवा पसरवतात. कित्येक वर्षे त्याला कोणी मानले नाही. नंतर प्लेग कमिशनने मुंबईत हजारो उंदीर तपासले, तेव्हा साथीचा क्रम उलगडला. आधी गटारातले तपकिरी उंदीर मरत. त्यानंतर काही दिवसांनी घरातले काळे उंदीर पडत. आणि त्यांच्यामागून माणसे.

असे का होते ते नीट समजून घ्या, कारण आजही ते उपयोगाचे आहे. पिसू आजारी उंदराचे रक्त पिते. प्लेगचे जंतू तिच्या पोटात वाढून अन्नाची वाट तुंबवतात. तिला भूक लागते, पण रक्त आत जात नाही. ती पुन्हा पुन्हा चावते आणि दर चाव्याला जंतू ओकते. उंदीर मेला, त्याचे अंग गार पडले, की तिथे पिसू राहत नाही. ती दुसरे गरम अंग शोधते. दुसरा उंदीर मिळाला तर बरे, नाही मिळाला तर माणूस. म्हणून घरात उंदीर आपोआप मरून पडू लागले, तर 'बरे झाले, पीडा गेली' म्हणून शेपटीला धरून उकिरड्यावर भिरकावू नका. हात लावू नका, पोरांना लांब ठेवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. अशा वेळी प्रथम पिसवा मारायची पूड धुरळावी लागते, मग उंदरांकडे वळायचे. उलटे केले तर आपणच पिसवांना माणसांवर सोडल्यासारखे होते.

हे सगळे इंग्रजांच्या काळातले, आता त्याचे काय, असे कोणी म्हणेल. १९९४ सालची गोष्ट आठवा. त्याआधी ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला होता. मराठवाड्यात ठिकठिकाणी लोक भीतीने घराबाहेर, तात्पुरत्या निवाऱ्यांत राहू लागले. बीड जिल्ह्यातल्या मामला गावीही तसेच झाले. माणसे बाहेर आणि धान्य आत. राखण नाही, वावर नाही. उंदरांना दुसरे काय हवे? १९९४ च्या पावसाळ्यात गावात पिसवांचा उच्छाद झाला, उंदीर पडले आणि मग गाठीचा ताप आला. पाठोपाठ सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ उसळली. पन्नासावर माणसे दगावली आणि लाखो लोक गाड्या भरभरून शहराबाहेर पडले. या रोगावर साधी प्रतिजैविके लागू पडतात. वेळेवर दिली तर रोगी वाचतो. पण वेळेवर म्हणजे पहिल्या एक-दोन दिवसांत.

आता मूत्रपिंडातल्या जंतूंकडे येतो. कोकणातल्या आणि भातपट्ट्यातल्या वाचकांनी इथे जरा थांबून वाचावे.

लेप्टोस्पायरा हा स्क्रूसारखा वळलेला, डोळ्यांना न दिसणारा जंतू. उंदराच्या मूत्रपिंडात तो सुखाने राहतो. उंदराला काही होत नाही. तो धडधाकट हिंडतो आणि जाईल तिथे मूत्रातून जंतू सोडतो. ऊन लागले, जमीन सुकली की हे जंतू मरतात. पण ओली माती आणि साचलेले पाणी मिळाले तर आठवडेच्या आठवडे जगतात. पावसाळ्यातला भाताचा कुणगा म्हणजे त्यांना हवे ते सगळे. पायाला पडलेली चीर, खरचटलेली पोटरी, पाण्यात राहून भिजून मऊ पडलेली कातडी, एवढीच वाट त्यांना पुरते. डोळ्यांतून आणि तोंडातूनही ते आत जातात. गुरे, डुकरे आणि कुत्री यांनाही लागण होते. गाई-म्हशी गाभडण्याचे हे एक कारण आहे. मुंबईत २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि लोक छातीभर पाण्यातून घरी चालत गेले. पुढच्या महिन्यात लेप्टोचे रोगी रुग्णालयांत दाखल होऊ लागले. शहराला हा रोग पूर आला म्हणजे भेटतो. भातशेतकऱ्याला दर पावसाळ्यात भेटतो.

२०१२ साली मी सिंधुदुर्गातल्या एका तालुक्यात होतो. श्रावणात आम्ही सामुदायिक उंदीर मोहीम घेतली. एका वाडीतल्या वीस-बावीस माणसांनी मेरेवरची बिळे खणली, काहींनी हात घालून उंदीर ओढून काढले, शेपट्या मोजल्या, फोटो झाला. त्या दिवशी सर्वांत उत्साही होता तो माझ्याच वयाचा एक शेतकरी. अनवाणी, गुडघाभर चिखलात, हाताला काल-परवाच कोयता लागलेला. मी बांधावर उभा राहून एकरी किती भात वाचेल ते सांगत होतो.

दहा-बारा दिवसांनी त्याला ताप आला. पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की पाऊल टाकवेना. श्रमाने दुखत असेल म्हणून त्याने अंगदुखीच्या गोळ्या आणल्या. डोळे लाल झाले तेव्हा डोळे आले असे घरच्यांना वाटले. पाचव्या दिवशी डोळ्यांत पिवळेपणा दिसला आणि लघवी कमी झाली. तेव्हा कावीळ म्हणून झाडपाल्याचे औषध दिले. जिल्ह्याच्या ठिकाणी नेईपर्यंत आठवा दिवस उजाडला होता. तो परत आला नाही.

भेटायला गेलो तेव्हा त्याची बायको खळ्याच्या कडेला बसली होती. रडून झाले होते. तिने मला पाणी दिले आणि शांतपणे विचारले, "सायबानू, त्या दिवशी तुमच्या पायात बूट होते मा?"

होते. माझ्या पायात सरकारी गमबूट होते. हातात काठी होती. त्या वीस-बावीस जणांपैकी कोणाच्याही पायात काही नव्हते, आणि बिळात हात घालू नका, जखम असेल तर पाण्यात उतरू नका, हे मी सांगितले नव्हते. तो चिखल त्याला मोहिमेतच बाधला की त्याआधी तरवा काढताना, हे कोणालाच सांगता येणार नाही. पण मी सांगायला हवे होते, एवढे मला कळते.

म्हणून आता सांगतो. भाताच्या कामाच्या दिवसांत ताप आला, त्याबरोबर डोके आणि पोटऱ्या विलक्षण दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा. आणि तिथे आपणहून सांगा, 'मी भाताच्या चिखलात काम करतो.' डॉक्टरांना हे एक वाक्य फार उपयोगी पडते, कारण सुरुवातीला हा ताप फ्ल्यू, डेंगी, हिवताप यांच्यासारखाच दिसतो. जंतू शिरल्यापासून ताप येईपर्यंत सहसा एक ते दोन आठवडे, कधी महिनाही जातो. तेव्हा कालपरवाचेच नव्हे, मागचे महिनाभराचे काम आठवा. डॉक्सिसायक्लिन, पेनिसिलिन यांसारखी औषधे लवकर दिली तर गुण येतो. कावीळ झाली, लघवी बंद झाली, खोकल्यातून रक्त पडले, म्हणजे फार उशीर झाला असे समजा.

गमबुटाचा सल्ला द्यायला सोपा आहे. पण मी स्वतः लावणीत उतरून पाहिले आहे. चिखलणी केलेल्या कुणग्यात बूट रुततो, पाय वर येतो आणि बूट खाली राहतो. शिवाय लावणी करतात त्या बहुतेक बायाबापड्या, ओणव्याने, लुगड्याचा काचा मारून. त्यांनी बूट घालावेत असे कागदावर लिहून मोकळे होण्यात अर्थ नाही. बूट बांधबंदिस्ती, पाणी काढणे, बिळे खणणे अशा कामांना जरूर वापरा. लावणीला निदान एवढे करा: जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावा, शेतातल्या पाण्याने तोंड धुऊ नका, चूळ भरू नका, विडीला ओला हात लावू नका, आणि घरी येताच विहिरीच्या स्वच्छ पाण्याने साबण लावून हातपाय धुवा. साथीच्या भागात पावसाळ्यात आठवड्यातून एकदा घ्यायची डॉक्सिसायक्लिनची गोळी आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने देतात. गरोदर बाई आणि लहान मूल यांना ती चालत नाही, म्हणून कोणी शेजाऱ्याची उरलेली गोळी घेऊ नये. ती रिकाम्या पोटी घेतली तर मळमळते, आणि मग लोक फेकून देतात. जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्या.

विदर्भातल्या वाचकांसाठी एक गोष्ट जाता जाता. २०१८ साली तिकडे स्क्रब टायफसने बरेच लोक आजारी पडले. हा रोग उंदरांच्या अंगावर आणि गवतात वाढणाऱ्या, तांबड्या ठिपक्याएवढ्या कीटकाच्या पिलांमुळे होतो. ताप असेल आणि अंगावर कुठे, विशेषतः काखेत, जांघेत किंवा कमरेला, सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना ती मुद्दाम दाखवा. यावरही तेच डॉक्सिसायक्लिन चालते. घराभोवतीचे गवत आणि झुडपे कापली तर अर्धे काम होते.

आता उंदरांचे काय करायचे? मारायचे, पण रीतीने. एकट्याने आपल्या कुणग्यात औषध टाकून उपयोग नाही. शेजारचे उंदीर आठवड्यात तुमच्या बिळांत राहायला येतात. सगळ्या वाडीने एकाच वेळी करावे. आधी बिळे मातीने बुजवा. दुसऱ्या दिवशी जी उघडलेली दिसतील ती वाहती. झिंक फॉस्फाइड वापरायचे तर पहिले दोन-तीन दिवस नुसता भरडा तेल लावून ठेवा, म्हणजे उंदराला चटक लागते. मग एक किलो भरड्याला २० ग्रॅम खाद्यतेल व २० ग्रॅम औषध, काठीने कालवून, बिळागणिक १० ग्रॅम, आतल्या बाजूला. हे औषध एकदाच चालते. त्यातून वाचलेला उंदीर पुन्हा त्याला तोंड लावत नाही. उरलेल्यांसाठी ब्रोमॅडिओलोनची वडी वापरा. तिने उंदीर काही दिवसांनी मरतो, त्यामुळे इतरांना संशय येत नाही. झिंक फॉस्फाइडवर उतारा नाही. म्हणून ते घरात ठेवायचे नाही आणि कालवलेले भांडे पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचे नाही. कोंबड्या आणि कुत्री त्या दिवसांत बांधून ठेवा. मेलेले उंदीर फावड्याने उचलून दोन फूट खड्ड्यात पुरा. बिळात हात घालायचा नाही, कितीही सवय असली तरी.

धामण दिसली तर तिला जाऊ द्या. गव्हाणी घुबडाला अपशकुनी म्हणून हाकलणाऱ्यांना मी दर वर्षी समजावतो, दर वर्षी हसतात. हसा, पण घुबड राहू द्या.

घरात कणगी असेल तर ती जमिनीपासून दोन फूट उंच आणि भिंतीपासून सुटी ठेवा. चौथऱ्याच्या खांबांना पत्र्याचे उलटे नरसाळे बसवले की उंदीर वर चढू शकत नाही. पत्र्याची कोठी सर्वांत उत्तम. दाराखालची फट अर्ध्या इंचाहून जास्त नको. रात्रीचे खरकटे, गुरांचे आंबोण आणि पाण्याचा हंडा झाकून ठेवा. गोठ्यातले मूत वाहून जाईल असा उतार काढा, आणि गोठा साफ करताना अनवाणी जाऊ नका. उंदराने तोंड लावलेली भाकरी कडा कापून खायची सवय अजून पुष्कळ घरांत आहे. ती भाकरी टाकून द्या.

त्या वाडीवर मी अजून जातो. आता त्याचा मुलगा शेत करतो. पहिल्या वर्षी मी त्याला गमबुटांचा जोड नेऊन दिला. त्याने तो पडवीत टांगून ठेवला आणि म्हणाला, चिखलात रुततात. आता मेरेच्या कामाला तो घालतो, लावणीला नाही. लावणीच्या आधी त्याची आई उपकेंद्रात जाऊन गोळ्या कधी येणार ते विचारून येते, आणि वाडीतल्या बायांना जेवणानंतर घ्यायला सांगते. गेल्या खेपेला गोळ्या लावणी अर्धी झाल्यावर आल्या. तुमच्याकडे त्या कधी येतात ते मृग लागायच्या आधीच विचारून ठेवा.